बापाची फजिती, आईचा अपराध : एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच व्यंगचित्रांतील पालक-बालक क्रीडा

१८३५ च्या सप्टेंबरमधील कायद्यांनी फ्रान्समध्ये राजकीय व्यंगचित्रांवर पूर्वपरवानगीचे बंधन आले आणि ‘ल शारिव्हारी’ या दैनिकाचे चित्रकार घरगुती विषयांकडे वळले, असे सामान्यतः मांडले जाते. हे विधान खरे आहे. परंतु त्यावरून ही घरगुती चित्रे निरुपद्रवी होती असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सत्तेचा प्रश्न तेथेही आहेच, फक्त राजाच्या जागी बाप आला आहे.

१८०४ च्या नेपोलियन संहितेने बापाला अपत्यावर विलक्षण अधिकार दिले होते. सोळा वर्षांखालील मुलाला तो महिनाभर बंदिवासात ठेववू शकत असे. हे ध्यानात घेतले म्हणजे ऑनरे दोमिएच्या ‘ले पापा’ या १८४० च्या दशकातील शिलामुद्रित मालिकेतले हसू कशातून उपजते ते कळते. कायद्याने सर्वाधिकारी असलेला गृहस्थ येथे पोरांपुढे हतबल आहे. त्यापूर्वी १८१७ मध्ये अँग्रने राजा चौथा हेन्री मुलांना पाठीवर घेऊन रांगत असल्याचे चित्र रंगविले होते. त्याच क्षणी स्पेनचा राजदूत दारात येतो. खेळण्याने राजाचे मोठेपण वाढते, मध्यमवर्गीय बापाची मात्र फजिती होते. तरीही ही फजिती लोभस आहे, आणि त्याचे पितृत्व तिने संशयास्पद होत नाही. गावार्नीच्या ‘लेझांफां तेरिब्ल’ मालिकेतील मुले तर बडबडीच्या ओघात थोरांची गुपिते फोडतात. तेथे खेळ आणि साक्ष यांतील सीमाच पुसली जाते.

आईच्या वाट्याला ही सवलत येत नाही. दोमिएच्या १८४४ मधील ‘ले बा-ब्लू’ (निळ्या मोजेवाल्या, म्हणजे लेखन-वाचन करणाऱ्या स्त्रियांना हिणविण्याचे नाव) या चाळीस चित्रांच्या मालिकेत एक आई लिहिण्यात गढली आहे आणि तिचे मूल न्हाणीच्या टबात डोक्यावर उलटे पडले आहे. चित्राखालच्या ओळीत आग आणि पाणी यांची कोटी आहे. अशा ओळी पुष्कळदा दोमिए स्वतः लिहीत नसे, हे मान्य. पण पाण्याबाहेर आलेले ते चिमुकले पाय त्यानेच रेखाटले आहेत. बापाचे लक्ष ढळले तर प्रहसन, आईचे ढळले तर मृत्यूची छाया! मालिकेचा वाचक हसतो तेव्हा नकळत न्यायाधीशही होतो.

याच दोमिएने १८३४ मध्ये ‘र्‍यू त्रान्सनोनां’ हे चित्र काढले होते. सैनिकांनी घरात शिरून मारलेला बाप रात्रीच्या सदऱ्यात पडला आहे, त्याच्या देहाखाली त्याचे बाळ आहे. येथे बापावर हसण्याची सोयच नाही. सारा उजेड या दोघांवर आहे. फार ताणू नये, तरी एक गोष्ट नजरेतून सुटत नाही : त्या खोलीत स्त्रीचाही मृतदेह आहे, आणि तो डाव्या कडेच्या अंधारात आहे.