‘झुंड’, तुटकी बादली आणि १२७ सामने

परवा एका ज्युनियरने विचारलं, “ताई, पीएच.डी.च्या प्रस्तावनेत विषयाचा सुरुवातीचा इतिहास कसा लिहायचा?” मी म्हटलं, आधी ‘झुंड’ बघ. तिला वाटलं मी टाळतेय. टाळत नव्हते. म्हणून हा लेख.

नागराज मंजुळेंचा ‘झुंड’ मार्च २०२२ मध्ये आला. त्यातला अमिताभ बच्चन यांचा विजय बोराडे नागपूरच्या विजय बारसे यांच्यावर बेतलेला आहे. बारसे सर हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक होते. २००१ च्या सुमारास भर पावसात झोपडपट्टीतली पोरं तुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांना दिसली, त्यांनी हातात फुटबॉल दिला, आणि त्यातून ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०१६ मध्ये या कामाला फिफाचा डायव्हर्सिटी पुरस्कार मिळाला.

गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. माझं भांडण तिच्या आकाराशी आहे. न्यूटनचं सफरचंद आणि बारसे सरांची बादली एकाच जातीच्या गोष्टी. निमित्त काय होतं ते त्या सांगतात. पण निमित्त आणि कारण यांत फरक असतो, आणि बादली पाहिल्यापासून पुरस्कारापर्यंत पंधरा वर्षं गेली. तेवढ्या काळात नेमकं काय चाललं होतं?

एक आकडा घेऊ. पहिल्या शहरपातळीवरच्या स्पर्धेत १२८ संघ उतरले, असं या कामाबद्दलच्या बातम्यांत वारंवार येतं. आपण विज्ञानवाले, त्यामुळे लगेच दिसतं की १२८ म्हणजे दोनाचा सातवा घात. स्पर्धा सरळ बाद पद्धतीने खेळवली असेल तर विजेता ठरायला १२७ सामने लागतात, कारण प्रत्येक सामना एकाच संघाला घरी पाठवतो. रोज आठ सामने धरले तरी सोळा दिवस. म्हणजे १२७ वेळा कुणीतरी शिट्टी वाजवली, चुन्याच्या रेघा पुन्हा मारल्या, पाण्याची सोय केली, भांडणं सोडवली, नावं लिहून घेतली. मला विचाराल तर या उपक्रमाचा सुरुवातीचा इतिहास तिथे आहे. सिनेमा जवळपास तीन तासांचा, पण त्याचा जीव एका सामन्यात अडकलेला: कॉलेजचा संघ विरुद्ध भिंतीपलीकडची पोरं. सामना झकास घेतलाय, मीही ओरडले. पण शिट्टीवाला कोण होता हे कळलं नाही.

दुसरी खटकलेली जागा म्हणजे पाचशे रुपये. बोराडे सर पोरांना अर्धा तास खेळायचे पैसे देतात, काही दिवसांनी बंद करतात, आणि पोरं फुकट खेळायला लागतात. हा तर छान प्रयोगच झाला! पण १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला, तेव्हा निकाल उलटा आला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या ज्या मुलांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं, त्यांची आवड नंतर कमी झालेली दिसली. म्हणून सिनेमा खोटा ठरत नाही. वय वेगळं, परिस्थिती वेगळी. इतकंच की जी पोरं दुसऱ्या दिवशी आलीच नाहीत ती पडद्यावर नाहीत. टिकलेल्यांनाच मोजलं की कुठलीही पद्धत यशस्वी दिसते.

आता ज्या भागाला बरेच जण कंटाळले, त्याबद्दल. रिंकू राजगुरूची मोनिका आणि तिचे वडील पासपोर्टसाठी ओळखीचा पुरावा शोधत फिरतात. फुटबॉल थांबतो, दाखले सुरू होतात. मित्र म्हणाला, “हे कापायला हवं होतं.” मला तो सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटला. संघात कोण आलं हे फक्त पायातल्या कसबावर ठरत नाही, कागदावरही ठरतं, आणि कागदात अडकलेला खेळाडू कुठल्याच इतिहासात सापडत नाही. मी तळ्याची. आमच्याकडे कातकरी वाडीतल्या माणसाला जातीच्या दाखल्यासाठी किती खेपा माराव्या लागतात हे लहानपणापासून बघतेय, त्यामुळे तो भाग मला लांबलेला वाटलाच नाही. मंजुळे तिथे हिरोला बाजूला उभं करतात. तेच त्यांनी पहिल्या अर्ध्या भागात केलं असतं तर?

एवढं लिहून झालं आणि मला माझंच तिसरं प्रकरण आठवलं.

मी मांदाडच्या खाडीतल्या खारफुटीच्या मातीतले जीवाणू अभ्यासते. माझ्या पद्धतीच्या प्रकरणात पहिलं वाक्य होतं: “नमुने यादृच्छिक पद्धतीने घेण्यात आले.” वाचायला एकदम शास्त्रीय. प्रत्यक्षात पहिल्या दिवशी मी गुडघाभर चिखलात रुतले होते, आणि खेकडे धरणाऱ्या एका कातकरी काकांनी मला बाहेर काढलं. पाय कुठे टिकतो, कुठे नाही, हे त्यांनी दाखवलं. माझे बाराच्या बारा नमुने त्यांच्या वाटेवरचे आहेत. म्हणजे ते यादृच्छिक नाहीत, खेकड्यांच्या बिळांजवळचे आहेत, आणि बिळांमुळे मातीत हवा खेळते, त्याचा जीवाणूंवर थेट परिणाम होतो. काकांना वगळताना मी नुसते आभार खाल्ले नव्हते, निष्कर्षात चूक घुसवली होती. तुमच्या पहिल्या नमुन्याची जागा कुणी दाखवली, हे आजच वहीत लिहून ठेवा.

गाईडना सांगायला घाबरले होते. त्यांनी ऐकून घेतलं, वाक्यावर काट मारली आणि विचारलं, “नाव छापलं तर चालेल का, विचारलंस त्यांना?”

नव्हतं विचारलं. रविवारी जातेय. ओहोटी सकाळची आहे, काका तेव्हा खाडीतच असतात.