मूल पाहत नाही तो टीव्ही

लहान मुलाच्या टीव्हीविषयी आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात बहुधा दोनच पात्रं असतात : पडद्यासमोर बसलेलं मूल आणि रिमोट काढून घेणारी आई. किती वेळ पाहू द्यावं, काय पाहू द्यावं, कार्टून लावून भरवावं की नाही, एवढ्यावर चर्चा संपते. या विषयावरचं मिळेल ते वाचताना मला सतत जाणवत आलं की या चित्रातून एक टीव्ही सुटला आहे. मोठ्यांसाठी चालू असलेला, मूल ज्याच्याकडे फारसं पाहतही नाही असा.

या चर्चेची भाषा घडवण्यात मेरी विन यांच्या ‘द प्लग-इन ड्रग’ (१९७७) या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. कार्यक्रम चांगला की वाईट हा प्रश्न विन दुय्यम मानतात. पाहण्याची क्रियाच मुलाला गुंगीत नेते, असं त्यांचं म्हणणं. पुस्तक आजही वाचनीय आहे, पण त्यातल्या व्यसनाच्या रूपकाने एक घोटाळा केला. व्यसन म्हटलं की व्यसनी कोण एवढंच शोधलं जातं, आणि ते मूलच ठरतं.

या रूपकाला उत्तर प्रयोगशाळेतून आलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनिएल अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१मध्ये लहान मुलांना ‘सेसमी स्ट्रीट’चे तुकडे दाखवले. काहींतली दृश्यं उलटसुलट जोडलेली, काहींतले संवाद उलटे किंवा परक्या भाषेतले. अर्थ लागेना तसं मुलांचं लक्ष उडालं. म्हणजे मूल नुसत्या हलत्या रंगांना खिळून बसत नाही. समजेल तिथे पाहतं, समजत नाही तिथून नजर काढून घेतं.

मग मोठ्यांचा कार्यक्रम मुलाला न कळणारा, म्हणून निरुपद्रवी समजायचा का? मला इथेच खरा प्रश्न दिसतो. याच परंपरेतल्या संशोधकांनी २००८मध्ये एक, दोन आणि तीन वर्षांच्या पन्नास मुलांना खेळण्यांसह एका खोलीत तासभर ठेवलं. त्यातला अर्धा तास मोठ्यांचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू होता. मुलं अधूनमधून काही क्षणच पडद्याकडे बघत. तरीही त्यांचे खेळ लवकर तुटले, एका खेळण्यात रमण्याचा वेळ कमी झाला. पुढच्याच वर्षीच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली : टीव्ही चालू असताना पालकांचं मुलाशी बोलणं आणि खेळणं घटतं. नुकसान पडद्यातून मुलाकडे येत नव्हतं; मुलाकडे वळायची नजर पडद्याकडे गेली होती.

हे वाचलं तेव्हा मला माझं घर आठवलं. मुलगी दोन वर्षांची असताना मी तिला कार्टून पाहू देत नसे आणि त्याचा मला अभिमान होता. रोज संध्याकाळी दोन तास बातम्या मात्र चालू असत. ती ठोकळे घेऊन माझ्या पायाशी बसायची, वर बघून काही विचारायची. मी ‘हं’ म्हणायचो.

या अभ्यासांनाही मर्यादा आहेत. ती खोली प्रयोगशाळेतली, सोबत एक पालक. आपल्याकडे दोन खोल्यांत तीन पिढ्या असतात. दिवसभर एकट्या असलेल्या आजीला संध्याकाळची मालिका हीच सोबत असते, आणि ‘आई, टीव्ही बंद करू का?’ असं सासूला विचारणं सुनेला सोपं नसतं. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. तेव्हा प्रसारणाचे तास मोजके होते, टीव्ही बंद करण्याचं काम केंद्रच करी. नव्वदच्या दशकात उपग्रह वाहिन्या दिवसरात्र चालू लागल्या आणि ते काम घरावर, म्हणजे प्रत्यक्षात आईवर पडलं. नियम मुलासाठी झाला, कारण घरात फक्त त्यालाच नियम लावता येत होता.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांना टीव्ही दाखवू नये असं सांगितलं. २०१६मध्ये दोन ते पाच या वयासाठी दिवसाला एक तासाची मर्यादा सुचवली. त्याच निवेदनात, कोणी पाहत नसेल तेव्हा संच बंद ठेवा, असंही आहे. आपल्याकडे ‘एक तास’ तेवढा पोहोचला, दुसरं वाक्य वाटेत राहिलं. तास मुलाला मोजता येतो. दुसऱ्या वाक्यात घरातले सगळेच येतात.

म्हणून पालकांसाठी लिहिणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. मूल किती वेळ पाहतं याचा तक्ता करायला सांगण्याआधी, आठवडाभर एवढंच टिपायला सांगा : संच कोणी लावला, आणि तो चालू असताना मुलाने विचारलेल्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं. आजीची मालिका बंद करायची गरज नाही. तिची वेळ संपल्यावर संच बंद झाला आणि आजी नातवाकडे वळली, तर पुष्कळ झालं.