कॅशचं मौन

जालन्याच्या बाजारात कालचा मोसंबीचा भाव कुणी आजचा म्हणून सांगितला, तर चालेल का? 'निक्स' हे डेव्हलपरसाठी सगळी जुळवाजुळव करून देणारं साधन तसंच वागतं. गिटवरच्या एखाद्या शाखेचा कोड एकदा उतरवला, की मूळ सेटिंगप्रमाणे ३६०० सेकंद, म्हणजे तासभर, ते सर्व्हरला पुन्हा विचारतच नाही. मधल्या वेळात तुम्ही सुरक्षेची दुरुस्ती पुश करता. सहकाऱ्याकडे जुनाच कोड चालतो, आणि दोघंही चूक स्वतःच्या कामात शोधत बसतात. कॅश हवीच, आपल्याकडचं नेट तुम्हाला माहीत आहे. माझा आक्षेप तिच्या गप्प राहण्यावर आहे. 'ही प्रत चाळीस मिनिटं जुनी आहे,' एवढं तरी तिनं सांगावं. तोवर शंका आली की रिफ्रेशचा पर्याय लावा, आणि लॉक फाइलमध्ये आवृत्ती बांधून ठेवा. मग जुनं वापरलं, तरी ते जाणूनबुजून वापरलेलं असेल.