गट मोठा, कपाट रिकामे

जिंतूरच्या एखाद्या शिक्षिकेने केलेला अपूर्णांकांचा स्वाध्याय त्याच संध्याकाळी पालमच्या शिक्षकाला मिळतो. व्हॉट्सॲपची ही देणगी आम्ही कमी लेखत नाही. पण सहा महिन्यांनी तो पाठ प्रत्यक्ष शिकवायची वेळ येते, तेव्हा स्वाध्याय कोठे असतो? शुभेच्छा, परिपत्रके आणि 'आजच माहिती भरा' अशा निरोपांच्या ढिगाखाली!

हा शिक्षकांचा आळस नव्हे. साधनाची घडणच तशी आहे. व्हॉट्सॲपचा सर्व्हर निरोप पोचवतो, जपत नाही. पोचलेला निरोप ज्याच्या-त्याच्या फोनवर राहतो. फाइल वेळीच उतरवली नाही तर ती काही आठवड्यांनी सर्व्हरवरून जाते, आणि मग 'सर, परत पाठवा' सुरू होते. एका गटात १,०२४ जण मावतात. म्हणजे एकाच स्वाध्यायाच्या हजार प्रती, आणि त्याही आधीच भरलेल्या फोनांत.

टेलिग्रामवर गटाचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर राहतो व परवानगी असल्यास नव्या सदस्यालाही जुन्या फाइली दिसतात. मात्र तेथील गटांना व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्धीकरण नाही. मुलांची नावे व गुण तेथे टाकू नयेत. (खरे तर कोठेच टाकू नयेत.)

२०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा'वर साहित्य इयत्ता, विषय, पाठ अशा क्रमाने लावलेले असते. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून थेट तेथे जाता येते. मांडणी उत्तम. पण 'माझ्या वर्गाला तिसरा प्रश्न उमगला नाही, असा बदलून पाहिला' हे सांगायला ती जागा सोयीची नाही. शिक्षकांच्या समूहाचा जीव तर याच वाक्यात असतो.

म्हणून आमचे मत असे: बोलणे गटात, साठा सामायिक ड्राइव्हवर, आणि गटात फाइलऐवजी तिचा दुवा. गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. कागदी स्वाध्यायांना ती पुष्कळ झाली. फाइलीच्या नावातच इयत्ता, विषय व पाठ असावा. खाते मात्र कोणा एकाचे खासगी नको. त्याच्या निवृत्तीबरोबर कपाटाची किल्लीही जाते. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फाँटमधील 'अपूर्णांक' दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरे होऊन उमटतो, आणि शोधला तर सापडत नाही.

निवड पक्की करण्यापूर्वी नुकत्याच रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती शाळेतलाच फोन द्यावा, सिग्नल असेल तसा, आणि मागील वर्षीचा एक स्वाध्याय शोधायला सांगावा. घड्याळ लावून.