सोंग वठले, माणूस राहिला

भाड्याच्या घरासाठी केलेले सोंग ही मराठी प्रेक्षकाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त घरमालकीणबाईंना भाडेकरू म्हणून जोडपीच हवी असतात, आणि सचिन पिळगावकर व लक्ष्मीकांत बेर्डे साड्या नेसून बायका होतात. २००८ साली आलेल्या, तरुण मनसुखानी दिग्दर्शित 'दोस्ताना' या हिंदी चित्रपटाचे बीज याच जातीचे. शहर मात्र अमेरिकेतले मायामी. समीर आणि कुणाल (अभिषेक बच्चन, जॉन अब्राहम) यांना फ्लॅट हवा आहे. पण तिथे मालकीणबाईंची भाची नेहा (प्रियांका चोप्रा) राहणार, म्हणून तरुण मुलगे नकोत. तेव्हा आपण समलिंगी जोडपे आहोत, अशी थाप दोघे मारतात. पुढे दोघेही नेहाच्या प्रेमात पडतात आणि सोंग गळ्याशी येते.

बीज चांगले होते. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ त्या वेळी लागू होते. अशा काळात दोन आघाडीच्या नटांनी ही भूमिका घेणे धाडसाचेच. म्हणूनच निराशाही मोठी.

'बनवाबनवी'त हसू येते ते साडीतला पुरुष पकडला जाईल या धास्तीचे. घरमालकीण, तिची अट, भाडेकरूंची अडचण या सगळ्यांवर ते वाटले जाते. 'दोस्ताना'त घराची अडचण लवकरच विसरली जाते आणि हसू उरते ते मुरडण्याचे, लाडिक हेलाचे. चित्रपटातला ठळक असा खरा समलिंगी पुरुष एकच: बोमन इराणींनी रंगवलेला संपादक 'एम'. इतका समर्थ नट हाताशी असून त्याच्या वाट्याला फक्त भडकपणा आणि पुरुष दिसला की पाघळणे येते. त्याला कधी कुणाची आठवण येत असेल, रात्री घरी गेल्यावर तो कुणाशी बोलत असेल, याचा विचार लेखकाच्या मनाला शिवलेला दिसत नाही.

अशा हसण्याची चव आपल्या सीमाभागाला ठाऊक आहे. 'पडोसन'मधल्या (१९६८) मेहमूदच्या दाक्षिणात्य संगीत-मास्तरावर आपण पोट धरून हसलो, तेव्हा शेजारचे कानडी कुटुंब कसनुसे झाले असेल. हिंदी चित्रपटातली मराठी बोलणारी कामवाली पाहताना तसेच आपले होते. पण आपले एक बरे असते: घरी परतलो की सारे घर आपलीच भाषा बोलते. समलिंगी मुलाचे तसे नाही. तो त्याच दिवाणखान्यात, आईवडिलांच्या शेजारी बसून हा चित्रपट पाहतो आणि आपली माणसे नेमकी कशाला हसतात हे गुपचूप मनात नोंदवून ठेवतो.

विनोदाने प्रबोधन करावे, असा आग्रह नाही. पण या चित्रपटाला ती वाट सापडली होती. समीरची आई (किरण खेर) थाप खरी मानून आधी आकांत करते आणि नंतर कुणालला बांगड्या देऊन घरात घेते. प्रसंग हास्याचाच आहे, तरी एक आई आपली समजूत घालता घालता आपल्या रीतिरिवाजांत मुलासाठी जागा करते, हे त्यात दिसते. चित्रपटातला सर्वांत खरा क्षण हाच. आणि तो एका खोट्यावर उभा आहे!

ओनिर यांचा 'माय ब्रदर... निखिल' (२००५) गोव्यात घडतो. १९८९ साली एचआयव्हीची बाधा झाली म्हणून सरकारने स्थानबद्ध केलेल्या गोव्याच्या डॉमिनिक डिसोझांच्या आयुष्यावरून तो सुचला. तो विनोदी नव्हे; पण त्यातले निखिल आणि नायजेल हातवारे न करताही एकमेकांचे आहेत, हे कळते. म्हणजे हिंदीला हे जमत नव्हते असे नाही.

शेवटी नेहाची क्षमा मिळवण्यासाठी कुणाल भर सभेत समीरचे चुंबन घेतो. सोंग करताना खरेच काही वाटले होते का, असे नंतर नेहा विचारते. दोघांना ते चुंबन आठवते आणि दोघे गोंधळतात. खरी गोष्ट जिथे सुरू व्हायची, तिथे 'दोस्ताना' संपतो.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते कलम ३७७ रद्द केले. दिवाणखान्यातल्या हसण्याला मात्र कुठलेच कलम लागत नाही. ते आपले आपणच तपासायचे असते.