खोली कोणाची?

समलिंगी ओळखीबद्दल बोलायचं म्हटलं की आपण कायद्यापासून सुरुवात करतो. ६ सप्टेंबर २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध कलम ३७७च्या बाहेर काढले. २०२३मध्ये मात्र समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. हे महत्त्वाचं आहेच. पण आज आपण तीन पुस्तकांना एक साधा प्रश्न विचारू या. प्रेम करायला जी खोली लागते, ती कोणाची?

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१मध्ये रंगमंचावर आलं. जुन्या पुण्यातल्या सुमित्रा देवला नमाला भेटायला जागाच नाही. शेवटी बापूची खोली उपयोगी पडते. नाटकातला निवेदकही बापूच. मित्रा आपल्याला कळते ती त्याच्या तोंडून. बापू भला आहे, पण मित्राला तिच्यासारखं दुसरं कोणी भेटतच नाही. तिच्या शेवटाचं कारण आम्हाला या एकटेपणातही दिसतं.

सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'मध्ये (२००६) खोली घरातच आहे, पण ती आईवडिलांनी भाड्याने दिलेली. तनय आणि अनुजा ही भावंडं एकाच पेइंग गेस्टच्या प्रेमात पडतात. अनुजाचं प्रकरण उघड होतं, घरात आकांत होतो. म्हणजे तिच्या दुःखाची निदान दखल घेतली जाते. तनयचं दुःख त्याच घरात कोणाला दिसतही नाही.

आर. राज राव यांच्या 'द बॉयफ्रेंड' (२००३) या इंग्रजी कादंबरीतल्या युदीकडे नालासोपाऱ्यात स्वतःची जागा आहे. लोकल, चर्चगेट स्टेशन, तिथल्या ओळखी, हे सगळं मुंबईने दिलेलं. पण मिलिंद दलित आहे, गरीब आहे. त्याच्यासाठी ती जागा पुन्हा दुसऱ्याचीच. 'आपली' म्हणवणाऱ्या माणसांतही जात येतेच, हे राव लपवत नाहीत.

अशोक राव कवी यांनी १९९०मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं, १९९४मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. एकमेकांना शोधायची सोय झाली. आता तर अ‍ॅपवर काही मिनिटांत ओळख होते. पण घरमालकासमोर अनेकांना अजूनही 'आम्ही नुसते मित्र' असंच सांगावं लागतं.

'धाडसी विषय' एवढं म्हणून आपण ही पुस्तकं बाजूला ठेवतो. तसं न करता, त्यांत खोलीची किल्ली कोणाच्या हातात आहे, ते पाहू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.