होनावरची अक्षरे आणि खजिन्याची यादी

शिवाजी महाराजांचा सोन्याचा होन वजनाने जेमतेम पावणेतीन ग्रॅम. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. सगळीकडे फारसी अक्षरांची नाणी चालत असताना देवनागरीत शिक्का उमटवणे ही साधी गोष्ट नव्हे. पण 'हा होन म्हणजे धर्मयुद्धाची घोषणा' असा अर्थ हल्ली सर्रास लावतात, तो काही मला पटत नाही.

आधी नाणे वाचा. त्यावर राजाचे नाव आहे, पदवी आहे. म्हणजे दावा सार्वभौमत्वाचा आहे. 'श्री' मंगलवाचक आहे खरा, पण तो कुणाच्या विरुद्ध नाही.

आता सभासदाची बखर घ्या. तिच्यात घटनांचा क्रम पुष्कळदा चुकतो, म्हणून खजिन्याचे आकडे मी तिच्यावरून सांगणार नाही. पण नाण्यांची यादी बघा. शिवराई होनाच्या पंगतीला पातशाही होन आहेत, विजयनगरच्या राजांच्या नावाचे देवराई, अच्युतराईही आहेत. सभासद सगळे एका दमात मोजतो, त्याला त्यात काही वावगे वाटत नाही. सोने कसाला उतरले की झाले.

दुसरी बाजू पाहा. औरंगजेबाने गादीवर येताच नाण्यांवरचा कलमा बंद केला. नाणे कुणाच्याही हाती जाते, पायदळी येते, तिथे पवित्र शब्द नको, हे त्याचे कारण. म्हणजे कट्टर बादशहालाही कळले होते की नाणे धर्माचे नसते, बाजाराचे असते.

फ्रान्समध्ये १५६२ ते १५९८ कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे गळे कापत होते. १५८९ नंतर चौथ्या हेन्रीच्या नावाने नाणी पडत होती, आणि विरोधी कॅथलिक संघ 'दहावा चार्ल्स' म्हणून दुसऱ्याच राजाच्या नावाने नाणी पाडत होता. दोघांच्याही सोन्याच्या एक्यूवर ख्रिस्ताच्याच विजयाची ओळ! भांडण होते ते राजा कोण, याचे.

आपल्या जालन्याची पेठ महाराजांनी १६७९ च्या नोव्हेंबरात लुटली. इथून गेलेली नाणी मोगली शिक्क्याचीच असणार. शिक्का बघून ती कुणी टाकून दिली असतील काय?

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की अक्षरांचा अभिमान जरूर बाळगा. पण नाण्यावर जे लिहिलेलेच नाही, ते त्याच्या तोंडी घालून आजच्या शेजाऱ्याशी भांडू नका.